तिसरी पुकार

"ए म्हातारे, बाजूला हो की!" असं ओरडून एक सायकलवाला माझ्या पदराला वारा घालत निघून गेला, आणि ही कोण म्हातारी म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. रस्त्याच्या कडेला मी होते, माझा हात धरलेली मरिया होती आणि आमचं बोचकं होतं. मी एकतीस वर्षांची आहे. पुण्यात उतरून एक पान खाऊन होईल एवढाही वेळ झाला नव्हता, आणि पुण्यानं मला म्हातारी करून टाकलं होतं. शेजारच्या कापडदुकानाला भली मोठी काच होती. तिच्यात पाहिलं तर सायकलवाल्याचं फारसं चुकलं नव्हतं. नगरहून येणारी मोटार कोळशाच्या धुरावर चालणारी. तिच्या मागच्या भट्टीची राख वाटभर खिडकीतून आत येत होती आणि माझ्या केसांवर, भुवयांवर, शाळेत नेसायच्या पांढऱ्या लुगड्यावर बसत होती. मरिया माझ्याकडे बघून खिदळायला लागली. "आई, तू आजी झालीस!" मी तिच्या डोक्यावरची राख झटकली, तिची वेणी नीट केली आणि माझ्या डोक्यावरची तशीच राहू दिली. म्हातारी तर म्हातारी. ज्या शहरात मी मेले असं सांगण्यात आलं होतं, तिथं मला म्हातारी म्हणणारा माणूस उलट दयाळूच म्हणायचा.

पुण्यात मी पटकीनं मेले होते. माझ्याबरोबर मरियाही मेली होती. हे मला गेल्या आठवड्यात कळलं, तेही शाळेच्या ओट्यावर, वर्ग चालू असताना. आमच्या घोडेगावची रंगुबाई पुण्यात कँपातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर आया आहे. भावाला बघायला म्हणून ती गावी आली आणि घरी बोचकं टाकून तडक माझ्याकडे आली. आली ती माझ्या दंडालाच हात लावून बघायला लागली. "दीनाबाई, तू हायेस न्हवं?" मला वाटलं बाईला ऊन लागलं. मग ती ओट्यावर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आगं, तुजा यशया पुन्यात लगीन करतूय. आमच्या मडमेच्या देवळात. म्यां माज्या कानांनी पुकार ऐकली. यशया दावीद साळवे, विधूर, आन ती पोरगी रिबका. दोन पुकारी झाल्या. येत्या आयतवारी तिसरी हाय." लग्नाआधी तीन रविवार देवळात भर उपासनेत पाळक दोघांची नावं वाचतो, आणि कुणाची हरकत असेल तर उठून सांगा म्हणतो. ती पुकार. तिसऱ्या पुकारीला कुणी उठलं नाही की लग्न पक्कं. मी म्हटलं, "विधुर?" रंगुबाई म्हणाली, "व्हय. आया बोलत हुत्या, त्येची बायकू आन ल्येक, दोगी पटकीत गेल्या म्हनं. मी म्हनलं, आगं बया, ही दीना तर मला मागल्या नाताळात भेटल्ती!" "मग तिथंच उठून ओरडला का नाही तुम्ही?" "मडमेच्या देवळात मी मागल्या बाकावरची आया, मी काय वरडू बाई?" त्यानं रंगुबाईला पाहिलंही नसणार. मागच्या बाकांवर बसणाऱ्या आयांकडे कोण मान वळवून बघतं? आणि ते देऊळही दुसऱ्या मिशनचं. आमच्या मिशनचं कुणी तिकडे फिरकणार नाही, हे बघूनच त्यानं ते निवडलं असणार. हुशार पहिल्यापासूनच होता. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण माझ्यासाठी नव्हे, हे मला तेव्हाच कळलं. वर्गात मरिया मोठ्यानं पाढे म्हणत होती, तेराचा पाढा, नेहमीप्रमाणे तेरा सत्त्यावर अडखळत होती, आणि इकडे ओट्यावर एक बाई मला सांगत होती की ती मेली. मी आत गेले आणि पोरांच्या देखत तिच्या कपाळाला हात लावला. "ताप नाहीये मला," ती म्हणाली. अंग गरम होतं, जिवंत पोराचं असतं तेवढं.

नवरा टाकून जातो, हे काही जगावेगळं नाही. आमच्याच शेजारी अशा दोघीजणी आहेत आणि त्या हसतात, भांडतात, बाजारच्या दिवशी नवी बांगडी भरतात. यशया एकेचाळीस साली लढाईवर गेला, लष्कराच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून. मरिया तीन वर्षांची होती आणि त्याच्या टोपीचा पट्टा चावत होती. मिसरमधून दीड वर्ष त्याची पत्रं आली, मग बंद झाली. मी त्याला मेलेला समजले. खरंच समजले. शेणी थापता थापता रडले, फळ्यावर अक्षरं काढता काढता पोरांकडे पाठ करून रडले. पण तोंडानं कधी म्हटलं नाही. कुणी विचारलं तर "येईल" म्हणायचे. तोंडानं म्हटलं की माणूस मरतो अशी माझी वेडी समजूत, आणि त्याची आई लंकाबाई अंथरुणावर पडून माझ्या तोंडाकडेच बघत असायची. सडकेवर मोटारीचा भोंगा वाजला की विचारायची, "यशा आला का गं?" मी म्हणायचे, "येईल." तिला कूस बदलून द्यायची, तिची पाठ पुसायची, तिच्या तोंडात पेज घालायची, आणि पुन्हा भोंगा वाजायचा. गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली. तेव्हा लढाई संपलेली होती आणि, रंगुबाईनं आयांकडून ऐकलं त्याप्रमाणे, तो पुण्यात होता. एका दिवसाच्या वाटेवर, धुतलेले कपडे घालून, बाटल्यांत औषधं भरत. म्हणजे मी ज्याला तोंडानं एकदाही मारलं नाही, त्यानं मला आणि माझ्या पोरीला एका वाक्यात मारून टाकलं, तेही पटकीनं. जरा बरा आजार तरी द्यायचा. पटकीनं माणूस कसा मरतो ते मी पाहिलंय, आणि त्यानंही पाहिलंय, म्हणून तर त्याला तो पटकन सुचला असेल.

आमच्या शाळेचे मोठे मास्तर शमुवेल, सत्तरीला आलेले, त्यांना मी हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग म्हणाले, "बाई, जाऊ नका." मी म्हटलं, "जाणार." "तसं नव्हे. ऐकून घ्या. तुम्ही आत्ता उभ्या राहिलात तर लग्न मोडेल, एवढंच. चार लोक छी थू करतील. महिन्याभरात तो मुंबईला जाईल आणि तिथं विधुर होईल. त्यापेक्षा गप्प बसा. लग्न होऊ द्या. एक बायको जिवंत असताना दुसरी केली की तो सरकारचा गुन्हा. मग आपण तुमच्या लग्नाचा दाखला घेऊन जाऊ. सात वर्षं खडी फोडेल." एवढा प्रेमळ म्हातारा, रविवारी प्रार्थना सांगणारा, तो हे चष्मा पुसत पुसत म्हणाला. आणि मला ते एवढं गोड लागलं की मी घरी येऊन भाकऱ्या थापताना तेच घोळवत राहिले. खडी फोडताना तो. त्याचे ते नाजूक हात, ज्यांचं त्याला फार कौतुक होतं. बाटलीला चिकटवायची पट्टी किती सुबक कापायचा! पण मध्येच वाटायचं, तुरुंगात गेलेला माणूस मला दिसणार कसा? भिंतीच्या आत त्याचं जे व्हायचं ते होईल, त्याचा मला काय उपयोग? मला त्याचं तोंड बघायचं होतं. मी उठून "मी जिवंत आहे" म्हटल्यावर ते तोंड कसं होतं ते. आठवडाभर मी या दोन सुडांमध्ये, कुठलं लुगडं घेऊ म्हणून दुकानात बसलेल्या बाईसारखी बसले होते. आणि शनिवारी सकाळी मरियाला उठवून सांगितलं, "चल, पुणं बघायला जायचंय."

तिला दुसरं काय सांगणार? ती नगरच्या पलीकडे कधी गेली नव्हती. नगरला मोटारीत बसल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं. सुप्याला मोटार थांबली, ड्रायव्हर खाली उतरून मागची भट्टी सळईनं ढोसायला लागला, तेव्हा ती धावत गेली आणि मला हाक मारून म्हणाली, "आई, मोटारीला पण चूल असते!" उतारू हसले. एक शेतकरी, बहुतेक बैल विकून आलेला, तिला शेंगा देत म्हणाला, "लई हुशार हाय पोर. बाप काय करतो?" मी शेंगा सोलत राहिले. मरिया म्हणाली, "लढाईवर आहे." "लडाई तर संपली की." "हो, पण ते लांब आहेत. येतील." माझंच वाक्य, माझ्याच सुरात. मला त्या शेतकऱ्याचा राग आला, शेंगांचा आला, सुप्याच्या त्या उघड्या माळाचा आला. पाच वर्षं मी माझ्या पोरीच्या तोंडात एका माणसाला जिवंत ठेवलं होतं. भट्टी पेटली, मोटार निघाली, आणि घोडनदीपर्यंत मी मनातल्या मनात त्याला उभा करून, खाली बसवून, पुन्हा उभा करून असं काय काय बोलत होते की शेजारच्या बाईनं विचारलं, "कायतरी म्हनलात का?"

संध्याकाळी रंगुबाईच्या खोलीत, बंगल्याच्या मागच्या अंगाला, मरियानं भिंतीवरचं बटण दाबलं आणि दिवा लागला. मग विझवला. मग लावला. रंगुबाई म्हणाली, "आगं, पुरं की, सायेब वरडंल." चहा पिऊन मी मरियाला बाहेर घेऊन निघाले. पुणं दाखवायला आणलं होतं ना! तिनं बर्फाचा गोळा खाल्ला, जीभ लाल करून घेतली, एका दुकानातल्या लाकडी घोड्यासमोर उभी राहिली आणि मागितला नाही. मी मात्र येणाऱ्याजाणाऱ्या बायका बघत होते. रिबका माझ्या डोक्यात आठवडाभर तयार झालेली होती. गोरी, पावडर लावलेली, उंच टाचांच्या चपला घालणारी, खोटं खोटं हसणारी. तसल्या बऱ्याच दिसल्या. प्रत्येकीला मी मनातल्या मनात "बस खाली" म्हणत होते, वर्गात म्हणते तशी. मग देवळापाशी आलो. दगडी, उंच, आमच्या घोडेगावच्या पत्र्याच्या देवळासारखी दहा त्यात मावतील एवढं. दार उघडं होतं, आत एक माणूस पितळी दिवे पुसत होता. मी दारात उभी राहून अंदाज घेतला. मागच्या बाकावरून आवाज पुढपर्यंत जाईल का? आवाजाची मला काळजी नव्हती, पोरांच्या वर्गानं तो कमावून दिलाय. तिथं उभं राहूनच माझं ठरलं. खडी नको. मी उठणार. सगळ्यांच्या देखत उठणार आणि तो वळून बघेल ते बघणार. मी खांबाला हात टेकला. मरिया म्हणाली, "आई, आपण इथं कशाला आलोय?" "पुणं बघायला." "मग तू बघत का नाहीस?"

सकाळी रंगुबाईला बंगल्यावर जावं लागलं, साहेबाकडे पाहुणे होते. "मला काय यायला जमायचं न्हाई," ती म्हणाली, "पर तू घाबरू नगंस." मी घाबरलेली नव्हते. मी नळावर मरियाला न्हाऊ घातलं, तिला नाताळातला निळा झगा घातला, तिची वेणी दोनदा सोडून दोनदा घातली. देवळाची घंटा झाली तरी मी निघाले नाही. मुद्दामच. आधी जाऊन बसलो आणि त्यानं पाहिलं, तर तो बाजूच्या दारानं निसटायचा. आमच्या मिशनात गायन होतं, वाचन होतं, प्रवचन होतं, दान गोळा होतं, आणि मग सगळ्यात शेवटी पाळक चष्मा कपाळावर चढवून जाहिराती वाचतात. कुणाची शेळी चुकली, पंचांची बैठक कधी, आणि लग्नाची पुकार. जन्मापासून मी हे असंच बघत आले. त्यामुळं प्रवचन सुरू व्हायच्या सुमाराला आत शिरलं तरी पुष्कळ झालं, हा माझा हिशेब होता. रंगुबाईला विचारायचं मला सुचलंच नाही, कारण त्यात विचारण्यासारखं काही असेल असं वाटलंच नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा सगळे उभं राहून गात होते. शेवटच्या बाकावर एका म्हाताऱ्या बाईशेजारी जागा होती, तिथं सरकलो. मी पदर कपाळावर ओढला. गाणं संपलं, माणसं खाली बसली, आणि पुढून तिसऱ्या बाकावर मला त्याची मान दिसली.

मान बघून माणूस ओळखता येतो हे मला आधी माहीत नव्हतं. केस कापून घेतलेले, कॉलर कडक, आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेले ते कान. मरियाचे कान. ती लहान असताना मी ते रुमालानं बांधून ठेवायची, बसावेत म्हणून, आणि लंकाबाई म्हणायची, राहू दे गं, माज्या यशाचे हायेत. मी त्या मानेकडे बघत बसले. प्रवचन कशावर होतं ते मला विचारू नका. मला फक्त पाळकाचे हात दिसत होते आणि ती मान. मध्येच मानेला खाज सुटली, त्यानं एका बोटानं हळूच खाजवलं, आणि मी बाकावर पुढे सरकले, कारण ते बोट मला ठाऊक होतं. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात नगरला मिशनच्या खोल्यांत आम्ही राहत होतो, तेव्हा रात्री अंगणात बाजेवर पडून तो त्याच बोटानं मला चांदण्या दाखवायचा आणि मुद्दाम चुकीची नावं सांगायचा, मास्तरीणबाई, तपासा बरं, म्हणायचा. त्याला हसवता येत असे. हे मी विसरले नव्हते, आणि विसरले नव्हते म्हणूनच मला त्याचा जास्त राग येत होता. वाईट माणूस वाईट वागला तर माणूस त्याला शिव्या घालून झोपू शकतो. मी वाक्य पुन्हा जुळवलं. मी दीना यशया साळवे. मी जिवंत आहे. ही माझी मुलगी, हीही जिवंत आहे. एवढंच. रडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. प्रवचन संपलं. दानाची थैली फिरली, मरियानं तिच्या मुठीतलं नाणं टाकलं. आता. माझे पाय आपोआप जमिनीत घट्ट झाले. पाळकानं हात वर केले. मी बाकाची कड धरली. आणि त्यानं आशीर्वाद दिला. पेटी वाजायला लागली, माणसं उठली, पुस्तकं बंद झाल्याचे आवाज झाले.

मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "बाई, पुकार?" त्या म्हणाल्या, "मघाशीच झाली की. दुसऱ्या वाचनानंतर. आमच्याकडे तेव्हाच असते." मग थोड्या कौतुकानं, "तिसरी होती ना, आमच्या रिबकाची." मी विचारलं, "कुणी काही बोललं?" "कोण काय बोलणार, बाई? छान जोडा आहे. बुधवारी लग्न." मी बसूनच राहिले. मी नळावर वेणी घालत होते, पहिली सोडून दुसरी घालत होते, तेव्हा इथं पाळकानं विचारलं होतं, कुणाची हरकत आहे का, आणि या एवढ्या मोठ्या दगडी देवळात कुणाची नव्हती. मग हळूहळू, बाक रिकामे होत असताना, माझ्या लक्षात यायला लागलं की माझ्या हातातून काही गेलं नव्हतं. उलट शमुवेल मास्तर म्हणाले होते तेच आपणहून माझ्या पदरात पडलं होतं. आता मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उठायचं, मरियाचा हात धरायचा, मोटारीत बसायचं. येत्या बुधवारी तो स्वतःच्या पायानं वेदीपर्यंत चालत जाईल, स्वतःच्या हातानं सही करेल, आणि मग मी येईन. मला एवढा आनंद झाला की मला हसू आलं. खरंच आलं. त्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं मी लग्नाची गोष्ट ऐकून हसले, त्याही हसल्या.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं आणि वाट अडली होती. पितळी वाटी घेऊन एक बाई दारातच उभी होती, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट चिमूट साखर ठेवत. "तिसरी पुकार झाली, तोंड गोड करा." साखर रेशनची, किती दिवस साठवली असेल कोण जाणे. आमच्याकडे गूळ वाटतात. माझ्या पुकारीला लंकाबाईनं वाटला होता. लांब, चिंचेखाली, तो पंचांशी बोलत उभा होता, आमच्याकडे पाठ करून. मी पदर आणखी ओढला आणि मरियाला घेऊन कडेनं निघाले. पण साखर दिसल्यावर मरियाचा हात पुढं झालाच. "घे गं, घे," वाटीवाली बाई म्हणाली. "रिबका, हिला जास्त दे." आणि तिच्यामागून रिबका पुढे आली. ती गोरी नव्हती. बारीक, सावळी, चष्मा लावलेली, आणि औषधाच्या पाण्यानं नर्सची बोटं पांढरी पडतात तशी तिची बोटं. मला तिची दया आली नाही. दया यावी असं ते वयच नव्हतं तिचं, मी तिच्याहून फार मोठी नाही. ती मरियासमोर वाकली आणि तिच्या हातावर साखर ओतताना मला म्हणाली, "एवढीच असती हो त्यांची. पटकीत गेली, आईबरोबर." वाटीवाली, म्हणजे तिची आई, म्हणाली, "आज कशाला ते, रिबका?" पण ती थांबली नाही. ज्यांना फार कुणाशी बोलायला मिळत नाही अशी माणसं अनोळखी माणसाजवळ बोलतात, तशी हळू आवाजात बोलत राहिली. "ते कधी विषयच काढू देत नाहीत. दुःखच तसं आहे. पण मी रोज झोपताना तिच्यासाठी प्रार्थना करते. मरिया, म्हणते, तू जिथं असशील तिथं सुखी राहा. लेकराचं कुणीतरी नाव घ्यायला नको का?" मग ती मरियाकडे वळली. "आणि तुझं नाव काय गं?"

मरियानं माझ्याकडे पाहिलं. सकाळी मीच तिला बजावलं होतं, इथं कुणी नाव विचारलं तर सांगायचं नाही. तिच्या ओठांना साखर लागली होती. मी "चल" म्हटलं असतं तर ती मुकाट्यानं आली असती, आणि बुधवार आला असता, आणि खडी आली असती. जिभेच्या टोकावर आलं होतं ते चल. पण त्या पोरीची प्रार्थना माझ्या कानात शिरली ती बाहेर निघेना. आमच्या मिशनात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. इथं करतात. म्हणजे किती रात्री, मी घोडेगावात मरियाच्या अंगावर गोधडी टाकत असताना, इथं एक भली मुलगी डोळे मिटून तिला मेलेल्यांत ढकलत होती. आजही ढकलणार. उद्याही. बुधवारपर्यंत रोज. यशयानं एकदा मारलं ते मारलं, पण ही रोज मारत होती, तेही प्रेमानं, आणि माझा सगळा लांबचा सूड पुरा होण्यासाठी मला ते चालू द्यायला हवं होतं. मला ते चालेना. याला दया म्हणू नका. मला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझी पोर आणखी एक रात्रसुद्धा मेलेली राहणार नव्हती, बस्स.

"सांग," मी म्हटलं. "पूर्ण सांग. वर्गात सांगतेस तसं."

मरियानं साखरेची मूठ मिटली, सरळ उभी राहिली आणि शाळा तपासायला आलेल्या साहेबाला सांगतात तसं मोठ्यानं सांगितलं, "मरिया यशया साळवे. इयत्ता दुसरी. मुक्काम घोडेगाव, तालुका नेवासे, जिल्हा अहमदनगर."

रिबका तशीच वाकलेली राहिली. मग तिनं मरियाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, बाजूनं वळवला, कान पाहिले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही, कारण तो आनंद होता. कसलाही विचार शिरायच्या आतला आनंद. ती ताठ झाली आणि अंगणापलीकडे, सगळ्या पंचांच्या डोक्यांवरून, ओरडली, "अहो! इकडे या! मरिया जिवंत आहे!"

तो वळला. वळताना तो हसत होता, कुणीतरी थट्टा केली असावी म्हणून, आणि ते हसू तोंडावर तसंच राहून त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. मी पदर कपाळावरून मागे सारला. राख धुतलेले माझे केस काळेभोर होते. मी त्याच्याकडे बघत होते, पोटभर, घाई न करता. तो चिंचेपासून एक पाऊलही हलला नाही, आणि त्याच्याभोवतीची माणसं एकेक करून माझ्याकडे बघायला लागली.

रिबकाही बघत होती. तिचे हात अजून मरियाच्या गालांवर होते, पण आवाज पार खाली गेला होता.

"आणि तुम्ही?"

"मीसुद्धा," मी म्हटलं.